लघवीच्या इन्फेक्शनवर अमेरिकेत नवी गोळी आली. आपली जुनी गोळी आपण नीट घेतो का?

२८ डिसेंबर २०२५ रोजी ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी अँटिबायोटिक्सचा विषय काढला. न्यूमोनिया आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांसारख्या आजारांवर अँटिबायोटिक्स कमजोर पडू लागली आहेत, या आयसीएमआरच्या अहवालाचा त्यांनी उल्लेख केला. तेव्हापासून दवाखान्यात दोन प्रश्न वारंवार येतात. पहिला घाबरून विचारलेला: “डॉक्टर, मग आता या इन्फेक्शनवर औषधच उरलं नाही का?” दुसरा जरा उत्साहाने, बहुधा अमेरिकेतल्या भाचीने फॅमिली ग्रुपवर टाकलेली बातमी वाचून: “तिकडे नवीन गोळी निघाली आहे म्हणे. तीच द्या ना.”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. औषध आहे, स्वस्त आहे आणि १९५३ सालापासून वापरात आहे. त्याचं नाव नायट्रोफ्युरँटॉइन. तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला गेल्या काही वर्षांत लघवीचं इन्फेक्शन झालं असेल, तर पिवळ्या कॅप्सूलच्या किंवा गोळीच्या रूपात तुम्ही ते बहुधा घेतलंही असेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र थोडं लांबलचक आहे.

नवी गोळी नेमकी काय आहे?

२५ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, म्हणजे एफडीएने, जेपोटिडासिन या गोळीला परवानगी दिली. बारा वर्षांवरच्या आणि किमान ४० किलो वजनाच्या मुली व स्त्रियांसाठी, तेही साध्या, म्हणजे मूत्राशयापुरत्या मर्यादित संसर्गासाठी. लघवीच्या संसर्गावर पूर्णपणे नव्या जातीची, तोंडाने घ्यायची अँटिबायोटिक सुमारे तीस वर्षांत आली नव्हती, म्हणून बातमी मोठी झाली. त्याआधी २०२४ मध्ये तिथे आणखी दोन गोळ्यांना परवानगी मिळाली होती. त्यातली पिवमेसिलिनॅम तर युरोपात चाळीस वर्षांहून जास्त काळ वापरली जाते आहे. नवी होती ती फक्त अमेरिकेला.

जेपोटिडासिनच्या चाचण्यांमध्ये तिची स्पर्धा कोणाशी लावली होती, हे बातम्यांत फारसं आलं नाही. ती लावली होती आपल्या सत्तर वर्षांच्या नायट्रोफ्युरँटॉइनशी. ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात २०२४ साली या दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. एका चाचणीत नव्या गोळीचं यश ५०.६ टक्के आणि जुन्या गोळीचं ४७ टक्के. दुसरीत ५८.५ आणि ४३.६ टक्के. हे आकडे वाचून तुम्हाला वाटेल, दोन्ही गोळ्या निम्म्या लोकांना लागूच पडत नाहीत की काय! तसं नाही. इथे ‘यश’ मोजण्याची अट फार कडक होती. सगळा त्रास पूर्ण थांबला पाहिजे आणि लघवीतले जंतूही ठरावीक संख्येच्या खाली गेले पाहिजेत. दोन्ही जमलं तरच यश. फक्त त्रास थांबला का एवढंच पाहिलं, तर दोन्ही गोळ्यांमधला फरक बराच कमी होतो.

दुष्परिणामांच्या बाबतीत चित्र उलट होतं. नव्या गोळीवर शंभरातल्या १४ ते १८ जणींना जुलाब झाले. जुन्या गोळीवर हे प्रमाण शंभरात ३-४ होतं. डोसही छोटा नाही: ७५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून दोनदा, पाच दिवस. म्हणजे वीस गोळ्या. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकणाऱ्या इतर औषधांबरोबर ती जपूनच द्यावी लागते.

मग नवी गोळी वाईट का? अजिबात नाही. जंतूच्या डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा ती वेगळ्या जागी धरते, त्यामुळे सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधांना न जुमानणाऱ्या अनेक जंतूंवरही ती चालते. पण अशी गोळी ज्यांना दुसरं काही लागू पडत नाही त्यांच्यासाठी राखून ठेवायची असते. पहिल्यांदाच उन्हाळी लागलेल्या तिशीच्या बाईला ती देण्यात तिचंही हित नाही आणि गोळीचंही नाही.

मग अहवालातले आकडे खोटे का?

खोटे नाहीत, पण ते कोणाचे आहेत हे पाहिलं पाहिजे. आयसीएमआरच्या पाहणीत मुख्यतः मोठ्या, सर्व सोयींच्या रुग्णालयांमधले नमुने असतात. तिथे पोचलेल्या रुग्णाने आधी दोन-तीन ठिकाणी अँटिबायोटिक्स घेतलेली असतात, कोणाला कॅथेटर असतो, कोणी आयसीयूमध्ये असतं. त्यांच्या लघवीतले जंतू तुमच्या गल्लीतल्या, कधीही अ‍ॅडमिट न झालेल्या बाईच्या जंतूंपेक्षा निगरगट्ट असणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२५च्या अहवालातही आपल्या दक्षिण-पूर्व आशिया विभागात प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या दर तीन जंतुसंसर्गांपैकी एक औषधाला दाद न देणारा निघाला. आकडा भीतीदायकच आहे. पण त्यातही ज्यांचे नमुने प्रयोगशाळेपर्यंत पोचले तेच मोजलेले आहेत, आणि आपल्याकडे नमुना प्रयोगशाळेत बहुधा तेव्हाच जातो, जेव्हा पहिलं औषध फसलेलं असतं.

तरीही एका बाबतीत शंका नको. नॉरफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या गोळ्या आपण वाया घालवल्या आहेत. लघवीचा संसर्ग करणारा मुख्य जंतू, ई. कोलाय, मूळचा आपल्या आतड्यातला. तिथून तो मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतो आणि वर चढतो. आता आठवा, पोट बिघडल्यावर, जुलाब लागल्यावर, प्रवासात बाहेरचं खाल्ल्यावर केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेली ती गोळी. नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडॅझोल यांची जोडगोळी. जुलाब बहुतेक वेळा तसेही थांबणार होते. पण प्रत्येक वेळी आतड्यातल्या ई. कोलायला त्या औषधाची ओळख झाली. वर्षानुवर्षं शिकवणी झालेला तोच जंतू पुढे मूत्राशयात गेला, की सिप्रोफ्लॉक्सासिन त्याला जुनं गिऱ्हाईक वाटतं.

शिवाय या गटातल्या गोळ्यांचे दुष्परिणाम साध्या संसर्गासाठी पत्करण्यासारखे नाहीत. टाचेमागची जाड शीर सुजणं किंवा चक्क तुटणं, हातापायांच्या नसांना इजा होणं, झोप आणि मन बिघडणं. एफडीएने २०१६ मध्ये सांगितलं की दुसरा पर्याय असेल तर साध्या लघवीच्या संसर्गात त्या वापरू नयेत. ब्रिटनच्या नियंत्रक संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये बंधन आणखी आवळलं: नेहमीची इतर अँटिबायोटिक्स चालत नसतील तरच. आपल्याकडे मात्र “मला नॉरफ्लॉक्सच लागू पडते” हे वाक्य आजही आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं.

नायट्रोफ्युरँटॉइन इतकी वर्षं टिकली त्याचं एक कारण असं की ती जंतूवर एकाच जागी घाव घालत नाही. जंतूच्या आत गेल्यावर तिचे तुकडे होतात आणि ते एकाच वेळी अनेक ठिकाणी मोडतोड करतात. एवढ्या सगळ्याला तोंड देणं जंतूला जड जातं. दुसरं कारण, ती रक्तात फार थोडी राहते आणि लघवीत साठते, त्यामुळे आतड्यातल्या जंतूंना तिची शिकवणी कमी मिळते. याच गुणात तिची मर्यादाही आहे. त्याकडे पुढे येऊ.

गुलाबी औषधाची गोष्ट

आता तुमच्या हातातली गोळी. नेहमीचा डोस म्हणजे १०० मिलिग्रॅमची, हळूहळू विरघळणारी गोळी किंवा कॅप्सूल, दिवसातून दोनदा, साधारण पाच दिवस. ती जेवणाबरोबर घ्यायची. पोटात अन्न असलं की औषध जास्त शोषलं जातं आणि मळमळही कमी होते. उपवासाच्या दिवशी सकाळी रिकाम्या पोटी घेऊन उलटी झाली आणि “ही गोळी मला सोसत नाही” असं ठरवून टाकलं, असं पुष्कळदा होतं. गोळी मोडून किंवा कुटून घेऊ नका. पित्तावरच्या ज्या औषधांत मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असतं, ती तिच्याबरोबर घेऊ नका, कारण ती तिला आतड्यातच अडकवतात.

आणि ते गुलाबी औषध. जळजळ होते म्हटल्यावर आपल्याकडे अँटिबायोटिकबरोबर एक गोड, गुलाबी पातळ औषध जवळपास ठरलेलंच असतं: दोन चमचे, पेलाभर पाण्यातून, दिवसातून तीनदा. त्यात सायट्रेटचा क्षार असतो आणि तो लघवी अल्कलीधर्मी करतो. जळजळीला त्याने बरं वाटतं, हे खरं. पण नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत चांगली चालते. लघवी अल्कलीधर्मी केली की तिची जंतू मारण्याची ताकद घटते. म्हणजे एकाच चिठ्ठीवरचं दुसऱ्या नंबरचं औषध पहिल्या नंबरच्या औषधाचे पाय ओढतं. ब्रिटनमध्ये ही गोळी घेताना केमिस्टकडे मिळणारी सायट्रेटची पाकिटं घेऊ नका, असं रुग्णांना सांगतात. आपल्याकडे ही जोडी इतकी रूढ आहे की लिहिणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. सुरुवातीच्या काळात मीही लिहिली आहे. तुमच्या चिठ्ठीवर दोन्ही असतील तर भांडू नका, फक्त विचारा: “या गोळीबरोबर हे पातळ औषध चालेल का?” जळजळीसाठी दोन दिवस पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी, एवढ्यावर बहुतेकींचं भागतं. धण्या-जिऱ्याचं पाणी, बार्लीचं पाणी, नारळपाणी खुशाल प्या; मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र नारळपाणी विचारूनच. त्याने लघवी वाढते, जंतू मरत नाहीत.

कोणता त्रास साधा, कोणता नाही

गोळी सुरू केल्यावर लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी झाली, तर तो गोळीचा रंग. कोर्स संपला की जातो. मळमळ, भूक मंदावणं, थोडं डोकं दुखणं, हेही चालण्यासारखं. अंगावर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, तर मात्र गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. हे कोणत्याही औषधाला लागू आहे.

रंगाच्या बाबतीत एक अपवाद लक्षात ठेवा. काही लोकांच्या लाल पेशींमध्ये जी-६-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. पारशी समाजात आणि काही आदिवासी समूहांत हे जास्त आढळतं, पण कोणातही असू शकतं. अशा माणसाला ही गोळी दिली तर लाल पेशी भराभर फुटतात. तेव्हाही लघवी गडद होते, पण काळ्या चहासारखी, आणि जोडीला चेहरा पांढरा पडतो, डोळे पिवळे होतात, दोन पावलं चाललं तरी धाप लागते. घरात कोणाला हा दोष असल्याचं माहीत असेल, किंवा मलेरियाच्या प्रायमाक्विन गोळीनंतर कोणाला कावीळ झाली होती असं आठवत असेल, तर गोळी सुरू करण्याआधी सांगा.

आता फुप्फुसाबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. लघवीच्या गोळीचा छातीशी काय संबंध, असं कोणालाही वाटेल. गोळी सुरू केल्यापासून काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत ताप, थंडी, कोरडा खोकला, छातीत दुखणं, धाप लागणं असं सुरू झालं, तर ती या गोळीची तीव्र प्रतिक्रिया असू शकते. ती वारंवार होत नाही, पण झाली तर रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही व्हायरल वाटते. गोळी बंद केली की बहुतेकांचा त्रास उतरतो. पण अशा माणसाने ही गोळी पुन्हा आयुष्यात घ्यायची नाही, कारण दुसऱ्या खेपेला प्रतिक्रिया काही तासांतच येऊ शकते.

दुसरा प्रकार हळू येतो. ज्यांना वारंवार संसर्ग होतो, त्यांना कधी कधी रात्री एक छोटा डोस काही महिने दिला जातो. सहा महिन्यांच्या पुढे तो चालू राहिला, तर क्वचित काही जणींच्या, विशेषतः वयस्क स्त्रियांच्या, फुप्फुसात व्रण धरू लागतात. माझ्याकडे आलेल्या साठीपुढच्या एका बाईंना तीन महिन्यांसाठी ५० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिलेली होती. गोळी लागू पडली. इन्फेक्शन थांबलं. “बरं वाटतंय तर कशाला बंद करायची,” म्हणून त्या जुन्या चिठ्ठीवर दर महिन्याला पाकीट आणत राहिल्या, चौदा महिने. खोकला सुरू झाला तेव्हा कोणी अ‍ॅलर्जी म्हटलं, कोणी दमा. पंप सुरू झाले. माझ्याकडे त्या खोकल्यासाठीच आल्या होत्या. चालू औषधं विचारली तर बीपीची, थायरॉइडची सांगितली. लघवीची गोळी सांगितली नाही, कारण ती ‘आजाराची’ नव्हतीच त्यांच्या लेखी. मीही पहिल्या भेटीत खोदून विचारलं नाही. दुसऱ्या भेटीत सुनेने औषधांची पिशवी टेबलावर उपडी केली, तेव्हा ते पाकीट दिसलं. गोळी बंद केल्यावर खोकला गेला. पण जिना चढताना आजही त्या मधे एकदा थांबतात.

ब्रिटनच्या नियंत्रक संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये फुप्फुस आणि यकृत यांच्याबद्दल डॉक्टरांना पुन्हा आठवण करून दिली, ती अशाच रुग्णांमुळे. यकृताचं लक्षण म्हणजे डोळे पिवळे होणं, खूप थकवा, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी अधूनमधून यकृताची रक्ततपासणी करावी, आणि हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा आला तर तोही सांगावा; ही गोळी नसांनाही इजा करू शकते. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांत हा धोका जास्त.

पाच दिवसांच्या कोर्समध्ये हे सगळं अतिशय क्वचित घडतं. मी हे एवढं सविस्तर लिहितो ते गोळी घाबरून सोडावी म्हणून नाही, तर पाच दिवसांची गोळी चौदा महिने होऊ नये म्हणून.

‘नॉर्मल’ क्रिएटिनीन आणि वय

ही गोळी मूत्रपिंडातून गाळून लघवीत उतरते, तेव्हाच काम करते. मूत्रपिंड मंद असेल तर दुहेरी तोटा: लघवीत पुरेसं औषध पोचत नाही आणि रक्तात साठत राहतं. म्हणून वयस्कांना ती देण्याआधी क्रिएटिनीन पाहतात. पण फक्त तो आकडा पाहून फसायला होतं. पंचाहत्तरीच्या बाईंचं क्रिएटिनीन १.१ आलं तर घरचे म्हणतात, नॉर्मल आहे. वय धरून हिशोब केला तर त्यांच्या मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग पन्नासच्या आसपास भरतो. ब्रिटनमध्ये हा वेग ४५च्या खाली असेल तर ही गोळी टाळतात. अमेरिकेतल्या औषधाच्या पत्रकात मर्यादा ६० आहे. म्हणजे याच बाईंना एका देशात गोळी मिळेल, दुसऱ्या देशात डॉक्टर हात आखडता घेतील. असा मधला आकडा असेल तर निर्णय तुमच्या डॉक्टरांनी बाकीची प्रकृती पाहून घ्यायचा. तुमचं काम एवढंच, की शेवटचा क्रिएटिनीनचा रिपोर्ट बरोबर न्यायचा. रिपोर्टवर ‘ईजीएफआर’ असं लिहिलेला आकडा असतो, तोच हा वेग.

गरोदरपणात लघवीचा संसर्ग अंगावर काढायचा नाही आणि मनाने गोळीही घ्यायची नाही. नायट्रोफ्युरँटॉइन मधल्या महिन्यांत वापरतात, सुरुवातीच्या तीन महिन्यांत दुसरा पर्याय नसेल तर, आणि शेवटच्या आठवड्यांत टाळतात, कारण बाळाच्या लाल पेशी फुटून कावीळ होऊ शकते. एक महिन्याच्या आतल्या बाळाला ती देत नाहीत.

जिथे ही गोळी चालतच नाही

मघाशी म्हटलेली मर्यादा ती ही. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठते. मूत्रपिंडाच्या मांसात किंवा रक्तात पुरेशी पोचत नाही. म्हणून थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या, असं असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो आणि तिथे ही गोळी उपयोगाची नाही. कल्चरच्या रिपोर्टवर तिच्यापुढे ‘एस’, म्हणजे जंतू तिला दाद देतो, असं छापलेलं असलं तरीही नाही. अशा वेळी घरातली उरलेली गोळी घेऊन दोन दिवस वाट पाहणं धोक्याचं आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पुरुषांच्या बाबतीतही संसर्ग प्रोस्टेट ग्रंथीत असला तर ती तिथे पोचत नाही, म्हणून नवऱ्याला बायकोची गोळी देऊ नका.

याच्या उलटही घडतं. काहीही त्रास नसताना हेल्थ चेकअपच्या रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स ८-१०’ दिसतात आणि घर हादरतं. वय वाढलं की, मधुमेह असला की, कॅथेटर असला की लघवीत जंतू आणि पस सेल्स सापडतात, पण ते गुण्यागोविंदाने राहत असतात. जळजळ नाही, ताप नाही, तर गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेच्या आधीचे रुग्ण वगळता सहसा अँटिबायोटिक द्यायचं नसतं. दिलं तर त्या शांत जंतूंच्या जागी निगरगट्ट येतात.

मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांसाठी एक सूचना. या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, त्यामुळे लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग होतो. लघवी करताना त्यानेही आग होते. पण मुख्य तक्रार खाज, लाली आणि दह्यासारखा पांढरा स्राव अशी असेल तर तो बुरशीचा त्रास, आणि अँटिबायोटिकने तो आणखी वाढतो.

चिठ्ठीवर कारण लिहिलंय का?

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्धची दुसरी राष्ट्रीय योजना जाहीर केली, २०२५ ते २०२९ साठी. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पत्र लिहून सांगितलं होतं की अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी, हेही चिठ्ठीवर लिहा. माझं मत विचाराल तर सरकारी जाहिरातींचा रोख फार वेळा रुग्णावर असतो: चिठ्ठीशिवाय घेऊ नका, कोर्स अर्धवट सोडू नका. बरोबरच आहे. पण चुकीचं अँटिबायोटिक पुष्कळदा चिठ्ठीवरच असतं. लघवीची तक्रार ऐकून, ना कल्चर, ना ताप पाहिला, थेट सेफिक्झिम किंवा इंजेक्शन. त्याला रुग्ण जबाबदार नाही.

म्हणून ते पत्र तुमच्या उपयोगाचं आहे. “डॉक्टर, हे मूत्राशयापुरतंच इन्फेक्शन आहे की वर गेलंय? चिठ्ठीवर लिहाल का?” हा प्रश्न विचारण्यात काही उद्धटपणा नाही. पहिल्यांदाच, साध्या जळजळीसाठी तरुण स्त्रीला कल्चर न करता पाच दिवसांची गोळी देणं योग्य असू शकतं. पण पुरुष, गरोदर स्त्री, मूल, मधुमेही, ताप असलेला रुग्ण, किंवा सहा महिन्यांत दुसऱ्यांदा त्रास होणारी व्यक्ती असेल, तर पहिली गोळी घेण्याआधी कल्चरचा नमुना द्या. आधी स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्यायची आणि तास-दोन तासांत पोचवायची. घरून सकाळी सात वाजता भरून दुपारी बारापर्यंत पर्समध्ये फिरलेल्या डबीत वेगळेच जंतू वाढतात. रिपोर्ट आल्यावर ‘एस’ लिहिलेल्या यादीतलं सगळ्यात जबर औषध मागू नका. त्यातलं सगळ्यात साधं औषध तुम्हाला चालतं का, ते विचारा. जंतू प्रोटियस निघाला तर नायट्रोफ्युरँटॉइन निसर्गतःच त्याच्यावर चालत नाही, हेही डॉक्टरांच्या लक्षात येईल.

वारंवार होणाऱ्या संसर्गाला गोळीखेरीजही उपाय आहेत. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने संसर्ग कमी होतात. संकोचामुळे ते सांगितलंही जात नाही आणि विचारलंही जात नाही. आणि पाणी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं, तर वर्षभरात त्यांचे संसर्ग जवळपास निम्म्यावर आले. हे मी सांगतो तेव्हा शाळेतल्या बाई, बंदोबस्तावरच्या पोलीस भगिनी, बाजारात भाजी विकणाऱ्या मावशी माझ्याकडे बघून हसतात. “पाणी पिऊ, पण जायचं कुठे?” मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळ हाच प्रश्न विचारते आहे. पाणी कमी पिण्याची ही सवय आळसातून आलेली नाही, हे डॉक्टरांनी समजून घेतलं पाहिजे. निदान कामावर जाण्याआधी आणि घरी आल्यावर दोन-दोन पेले, आणि जिथे सोय मिळेल तिथे लघवी न तुंबवता जाऊन येणं, एवढं तरी जमवा.

गोळी सुरू केल्यापासून ४८ तासांत जळजळ कमी व्हायला हवी. झाली नाही, ताप आला, पाठ दुखू लागली, किंवा खोकला-धाप सुरू झाली तर फोन करा, आणि फोनवर पहिलं वाक्य हे सांगा: “मी लघवीची ही गोळी अमुक तारखेपासून घेते आहे.” पाकीट हातात धरून त्यावरचं नाव वाचून दाखवा.